फाटक्या कानाचा वाघ

यासीनभाईंनी उभ्या जन्मात वाघ पाहिला नव्हता आणि हे ते छाती पुढे काढून सांगायचे. चंद्रपुरात असं सांगणं सोपं नाही. आमच्याकडे ज्याला त्याला वाघ दिसलेला असतो. कुणाला मूलच्या रस्त्यावर, कुणाला खाणीच्या मागच्या झुडपांत, कुणाला गाडी थांबवून खाली उतरला तेव्हा. चार माणसं चहाला बसली की वाघ निघतोच, आणि प्रत्येकाचा वाघ आधीच्यापेक्षा हातभर लांब असतो. यासीनभाई सगळ्यांचं ऐकून घ्यायचे, बशीतला चहा संपवायचे आणि म्हणायचे, "तुमी पाह्यले, मी काढले. तुमचा वाघ पळून गेला. माहा अजून भिंतीवर हाये."

ते खरंच होतं. हॉटेलांच्या भिंती, शाळांची फाटकं, व्यायामशाळा, ट्रकच्या मागच्या फळ्या, जिथं म्हणून वाघ रंगवायचा तिथं यासीन पेंटरचाच वाघ. आणि सगळीकडे तो एकच. गोल चेहरा, वर वळवलेल्या मिशा, बाईमाणसासारख्या लांब पापण्या आणि ओठांवर किंचित हसू. मी त्यांना एकदा म्हटलं, "यासीनभाई, तुमचा वाघ सोयरीक जमवायला आलेल्या मामासारखा दिसतो." त्यांना राग आला नाही. म्हणाले, "मामूच हाये तो. माहा मोठा मामू. लहानपणी त्याले लय भ्याव मी. वाघ काढाले बसलो का हातात त्याचाच चेहरा येते."

माझं गंजवार्डाजवळ कॉम्प्युटरचं छोटं दुकान होतं. लग्नपत्रिका, बारशाची आमंत्रणं, पावतीपुस्तकं. दोन हजार सालाच्या आगेमागे फ्लेक्सचे फलक यायला लागले तसे गावातले पेंटर माझ्यासारख्यांकडे वाकड्या नजरेनं बघायला लागले. माझ्याकडे फ्लेक्स छापायचं मशीनही नव्हतं, ते नागपुरात. पण राग धरायला दुकान जवळचं बरं पडतं. त्यामुळे एक दिवस पांढराशुभ्र पायजमा-शर्ट घातलेला, पन्नाशी ओलांडलेला हा माणूस आत आला तेव्हा मला वाटलं, आता भांडण. ते आले, माझ्या शेजारची खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "ताई, दाखव बरं याच्या पोटात काय हाये."

पांढऱ्या कपड्यांचं सांगायला हवं. ते रंगवायलाही याच कपड्यांत जायचे. दिवसभर शिडीवर राहून संध्याकाळी उतरायचे तेव्हा अंगावर रंगाचा एक ठिपका नसायचा, आणि तुम्ही ते पाहिलं नाहीत तर ते स्वतःहून गोल फिरून दाखवायचे. बोटं मात्र कायम रंगलेली. त्या बोटांनी ते माझ्या मॉनिटरला हात लावायचे. "इथी जरा काळं कर," म्हणून बोट टेकवायचे आणि तिथं खरंच काळं व्हायचं. मी रोज ओरडायचे, रोज पुसायचे. शेवटी बोटाऐवजी दाखवायला त्यांना एक चमचा दिला. चमच्यानं त्यांचं मन भरेना.

त्या पहिल्या दिवशी मी एका नवरीचा फोटो स्कॅन करून त्यांना दाखवला. म्हणाले, "मोठा कर." केला. "अजून कर." नवरीचं नाक पडदाभर झालं. "अजून." आता पडद्यावर नुसते चौकोन उरले, एक तपकिरी, एक फिका, एक त्याहून फिका. यासीनभाई खुर्चीतून उठले. मला वाटलं निघाले, पण ते दारात जाऊन समोरच्या पानठेल्यावाल्याला हाक मारत होते. "अबे, इकडे ये! कॉम्प्युटरबी चौकटी टाकूनच काढून राह्यला!"

भिंतीवर मोठं चित्र काढताना पेंटर छोट्या फोटोवर चौकटी आखतात, तेवढ्याच चौकटी भिंतीवर मोठ्या आखतात आणि एकेक चौकट उतरवत जातात. यासीनभाई जन्मभर तेच करत आले होते. आपल्याला हाकलायला आलेलं मशीन आपल्याच पद्धतीनं काम करतं हे कळल्यावर त्यांना जो आनंद झाला, तो मी नंतर कुणाला पगारवाढ झाल्यावरही पाहिला नाही. त्या दिवसापासून ते माझ्या दुकानाचे झाले. दुसरे पेंटर त्यांना टोमणे मारायचे. ते म्हणायचे, "मशीन आपला मोठा भाऊ हाये. तुमचं असंन भांडन त्याच्यासंगं. माहं नाई."

त्यातून त्यांची स्वतःची एक रीत तयार झाली. फोटो मी स्कॅन करायचा, ते सांगतील तसा उजेड-सावलीचा भाग वाढवायचा, नागपुरातून पट्ट्या-पट्ट्यांत छापून आणायचा, पट्ट्या भिंतीवर चिकटवायच्या, आणि मग यासीनभाई त्यावर हाताने रंगवायचे. सगळं नाही. पातळ रंगाचा हात द्यायचे, कुठे जाड ब्रशनं कडा बुजवायचे, भोवतीचं झाड-आभाळ भिंतीवर थेट रंगवायचे. छापलेलं कुठे संपतं आणि रंगवलेलं कुठे सुरू होतं, ते जवळ जाऊनही कळायचं नाही. घुग्घुसला त्यांनी एका वसाहतीच्या कुंपणाला असा एक जंगलाचा देखावा केला. दिवसभर कोळशाचे ट्रक धूळ उडवत जायचे आणि ओल्या रंगावर ती बसायची. मी म्हटलं, वाया गेलं. यासीनभाई थोडं मागं सरले, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "धुकं आलं ना ताई. आपन तं रंगवलंबी नव्हतं." पुढे ते धुकं आपणच सुचवल्याचं ते लोकांना सांगायला लागले.

फुशारकी त्यांच्यात भरपूर होती. कुणाचं काम चांगलं झालं तर "बरं हाये" म्हणायचे, आपलं झालं तर रस्त्यावरच्या माणसाला थांबवून दाखवायचे. कुणी दुरुस्ती सुचवली तर ऐकून घ्यायचे नाहीत. मी एखादा रंग बदलायला सांगितला की म्हणायचे, "तू बटन दाब, ताई." मला त्यांचा या बाबतीत फार राग यायचा, आणि तरी ते दोन दिवस आले नाहीत तर दुकान रिकामं वाटायचं.

मग वाघाचं काम आलं.

जंगलाच्या वेशीवरच्या एका गावात, फाट्यावर, एस.टी.चा थांबा होता. थांब्याला लागून लांब भिंत आणि भिंतीला टेकून सिमेंटचे बाक. बाहेरून जंगल बघायला येणाऱ्यांच्या गाड्या तिथूनच आत वळायच्या, म्हणून वनखात्याच्या नव्या साहेबांच्या मनात आलं की त्या भिंतीवर मोठा वाघ हवा. त्यांनी एक सीडी दिली. कुणा पाहुण्या फोटोग्राफरनं पाणवठ्यावर काढलेला वाघाचा फोटो होता. मी तो पडद्यावर उघडला आणि यासीनभाई खुर्ची पुढं ओढून पडद्याला नाक लावून बसले.

मामूचा मागमूस नव्हता. अरुंद, लांबट तोंड. डोळ्यांत हसू तर नाहीच, राग पण नाही. डाव्या कानाचा अर्धा भाग फाटून गेलेला आणि नाकावर एक जुना, तिरपा व्रण. मी माझ्या सवयीनं म्हटलं, "हा कान नीट करून देते. दुसऱ्या कानाची नक्कल लावली की झालं." नवऱ्यामुलांचे मुरूम आणि पुढे आलेले दात मी रोजच नीट करत होते, त्यात विशेष काही नव्हतं. यासीनभाईंनी माऊसवरचा माझा हात धरला. "हात नको लावू. कान फाटेल हाये म्हनून तं तो खरा हाये. इतके वर्स मी मामू काढले, ताई. हा एक तं वाघ होऊ दे."

त्या वाघावर त्यांनी जेवढा जीव लावला तेवढा मी त्यांना कशावरच लावताना पाहिलं नव्हतं. पट्ट्यांचे आकडे माझ्याकडे होते, म्हणून चिकटवायच्या दिवशी मीही फाट्यावर गेले. पुढे ते एकटेच जायचे, सकाळच्या गाडीनं, आणि ऊन कलायच्या आत परत, कारण जंगलाची त्यांना खरोखर भीती होती. गावातली माणसं येऊन बघायची आणि न बोलता जायची. यासीनभाईंनी त्याचा अर्थ आपल्या सोयीनं लावला. मला येऊन सांगितलं, "बोलतीच बंद झाली लोकायची."

काम संपलं तेव्हा मी पाहायला गेले. खरंच अप्रतिम झालं होतं. वाघ भिंतीच्या डाव्या अंगाला, पुढचा एक पाय उचललेला, नजर उजवीकडे. उजवीकडची भिंत त्यांनी गवत आणि मोहाची झाडं रंगवून मोकळी सोडली होती. मी तोंड भरून कौतुक केलं. तेवढ्यानं त्यांचं भागलं नसावं, कारण ते रस्त्यापलीकडे बघत होते. पलीकडे उन्हात एक बाई उभी होती. पायाशी वांग्यांची टोपली, बाजाराला निघालेली. इकडे बाकांवर सावली होती, जागा होती, आणि ती तिकडे उभी राहून भिंतीकडे बघत होती.

"रोज पाहून राह्यलो मी तिले," यासीनभाई म्हणाले. "बसत नाई कधी. लांबून पाह्यते. तिले समजते पेंटिंग. लांबूनच पाहा लागते." आणि शर्ट झटकून ते रस्ता ओलांडून गेले. मी मागोमाग गेले, कारण कौतुक करून घेताना ते कुठल्या थराला जातील याचा भरवसा नसायचा.

"का हो बाई," त्यांनी विचारलं, "आला ना जमून? जिवंत वाटते ना?"

बाई चाळिशीच्या आसपासची होती. कौसाबाई तिचं नाव, हे आम्हाला नंतर कळलं. तिनं त्यांच्याकडे पाहिलंही नाही. म्हणाली, "हा तोच हाये. ह्यानं माह्या मानसाले नेलं."

यासीनभाईंना पहिल्यांदा समजलंच नाही. मग तिनं सांगितलं, अगदी सरळ, जणू आम्ही पत्ता विचारला होता. मोहाचे दिवस होते. ती आणि तिचा नवरा दामोदर पहाटे फुलं वेचायला गेले होते, ती एका झाडाखाली, तो पुढच्या झाडाखाली. नंतर वाघ पिंजऱ्यात सापडला तेव्हा सगळं गाव बघायला गेलं, तीही गेली. फाटलेला कान, नाकावरचा व्रण. मग त्याला गाडीत घालून कुठल्याशा प्राणिसंग्रहालयात नेलं. "तिथी बाकावर बसलं का तो मागं येते," ती म्हणाली. "म्हनून इथी उभी राह्यतो."

मामूचा चेहरा काढला असता तर हे झालं नसतं. माझ्या मनात हे आलं, आणि त्यांच्याही आलं असणार. गाव गप्प का होतं ते आता कळत होतं. भिंत साहेबांची, वाघ साहेबांचा, बोलायचं कुणी आणि कुणाला? यासीनभाई म्हणाले, "पुसून टाकतो, बाई. आजच." हे म्हणताना त्यांना काय वाटलं असेल ते मी सांगू शकते, कारण मला स्वतःला रडू आलं. आयुष्यात एकच वाघ त्यांच्या मनासारखा झाला होता.

कौसाबाई म्हणाली, "पुसून काय होते? माहा मानूस येते काय?" मग पहिल्यांदा तिनं त्यांच्याकडे बघितलं. "तो मागून आला, भाऊ. माहा मानूस वाकून फुलं वेचून राह्यला होता. त्यानं त्याले पाह्यलंच नाई. काय आलं तेबी त्याले समजलं नसंन. तुमी माह्या मानसाले काढा. ह्याच्या पुढं उभा करा. पाहू द्या त्याले एक डाव."

दुसऱ्या दिवशी ती दामोदरचा एकुलता एक फोटो घेऊन चंद्रपूरला माझ्या दुकानात आली. मतदानाच्या ओळखपत्रावरचा, नखाएवढा. मी स्कॅन केला, मोठा केला, लगेच चौकोन झाले. तेवढं चाललं असतं, चौकोनांची यासीनभाईंना सवय होती. पण फोटो समोरून काढलेला होता आणि दामोदरला बघायचं होतं डावीकडे, वाघाकडे.

"फिरव त्याले," यासीनभाई म्हणाले.

मी सांगितलं, फिरत नाही. फोटो आडवा होईल, उलटा होईल, आरशातल्यासारखा होईल, पण मान वळणार नाही. फोटोत नाही ते कुठून आणू? ते पडद्यावर बोट ठेवून बसले. कॉम्प्युटरवर रागावलेले मी त्यांना पहिल्यांदाच पाहिले. "एवढा मोठा याचा डोळा," ते म्हणाले, "अन् याले मानसाची मान वळवता येत नाई." मग कौसाबाईकडे वळून विचारलं, "बाजूनं कसा दिसे तो?"

ती लाजली. कुणी तिला असं काही कधी विचारलं नसेल. म्हणाली, "गाडीवर मी बाजूनंच पाहाव त्याले." त्यांच्याकडे बैलगाडी होती, आणि बाजाराला जाताना ती त्याच्या बाजूला बसायची.

पुढचे काही दिवस यासीनभाई फाट्यावर जे करत होते ते मी एकदाच जाऊन पाहिलं. त्यांनी दामोदरच्या भावाला बाकावर आडवं तोंड करून बसवलं होतं आणि त्याच्यावरून भिंतीवर कोळशानं आकार काढत होते. कौसाबाई मागं उभी राहून चुका दाखवत होती. नाक भावासारखं नाही, आईसारखं. कान डोक्याला जास्त चिकटलेला. मान थोडी पुढं. "अजून, अजून थोडी. बस." ज्या माणसानं मला एवढ्या वर्षांत एक सूचना करू दिली नव्हती तो निमूटपणे पुसत होता आणि पुन्हा काढत होता. एकदा त्यांनी वैतागून विचारलं, "तोंडावर काय पायजे, बाई? भ्यायला हाये का?" तिनं विचार केला. म्हणाली, "नाई. पाह्यला, एवढंच."

दामोदर भिंतीवर उभा राहिला तो असा: गुडघ्यापर्यंत धोतर, खांद्यावर दुपट्टा, कमरेवर मोहफुलांची टोपली, कंबर सरळ केलेली आणि नजर वाघाच्या नजरेत. त्याच्यासाठी काही छापलं नव्हतं. तो सगळाच्या सगळा हाताचा होता, जाड तैलरंगाचा, थेट भिंतीवर.

साहेब बघायला येणार तेव्हा आम्ही सगळेच घाबरलो होतो. त्यांनी गाडीतून उतरून भिंत पाहिली आणि विचारलं, "हा कोण? हा नव्हता ठरला."

"मोहं वेचनारा हाये, साहेब," यासीनभाई म्हणाले.

"वाघासमोर इतका निवांत?"

"निवांत नाई, साहेब. त्यानं पाह्यला हाये त्याले."

साहेबांनी पुन्हा बघितलं आणि मान हलवली. "बरोबर आहे. नजर दिली की वाघ वळतो पुष्कळदा." मग म्हणाले, गावचं जीवनही आलं, छान केलंत. बाकांवर बसलेली दहा-पंधरा माणसं खाली बघत होती. साहेबांची गाडी गेल्यावर कौसाबाई रस्ता ओलांडून आली, टोपली खाली ठेवली आणि बाकाच्या उजव्या टोकाला, दामोदरच्या पायाशी बसली. यासीनभाई त्या दिवशी चहा न पिताच परतले, आणि कुणाला थांबवून काही दाखवलंही नाही.

आमच्याकडचे उन्हाळे कसे असतात ते काय सांगायचं. असे दोन-तीन गेले. छापलेल्या पट्ट्या कडांनी सुटायला लागल्या आणि रंग उडायला लागला. आधी लाल गेला, मग पिवळा, तेव्हा वाघ काही महिने निळसर दिसत होता आणि येणारे-जाणारे हसायचे. मग निळाही गेला. यासीनभाईंनी वरून दिलेला पातळ रंगाचा हातही राहिला नाही. उरले नुसते काळे पट्टे, आणि भोवतीच्या रंगवलेल्या गवतात ते गवतासारखेच दिसू लागले. दामोदर मात्र जागच्या जागी होता, फक्त टोपलीतली फुलं पांढुरकी पडली होती.

हे कुणीतरी यासीनभाईंच्या कानावर घातलं. त्यांचे गुडघे तोवर गेले होते, शिडी सुटली होती, आणि ते लेकीकडे बल्लारशाला राहायला जायच्या बेतात होते. पण आपलं नाव असलेली भिंत अशी राहणार हे त्यांना सहन होईना. माझ्याकडून त्यांनी वाघाचा जुना फोटो कागदावर छापून घेतला, दुकानात बसून वाघाचा पिवळा रंग घोटून घोटून तयार केला, त्याच्या पोटासाठी पांढऱ्याचा एक डबा घेतला, आणि मला बरोबर चल म्हणाले. तो आमचा शेवटचा प्रवास. त्यानंतर ते मला भेटले नाहीत.

कौसाबाई बाकावर होती, नेहमीच्या टोकाला. यासीनभाईंनी फोटो भिंतीला टाचला, डबा उघडला आणि ब्रश बुडवला. तिनं त्यांच्याकडे, मग फोटोकडे बघितलं.

"राहू द्या, भाऊ," ती म्हणाली. "गेला तो."

ब्रशावरून रंग डब्यात टपकत होता. यासीनभाई भिंतीच्या डाव्या अंगाला, त्या पट्ट्यांकडे बघत उभे राहिले. मला तिथून पुढे आरमोरीला कामाला जायचं होतं; माझी गाडी फाट्यावर आली होती आणि वाहक घाई करत होता, म्हणून मी चढले. आत गर्दी होती. खिडकीजवळ जागा मिळाली तेव्हा गाडी हलायला लागली होती. पाहिलं तर यासीनभाईंनी फोटो काढून खिशात घातला होता. ते दामोदरपाशी आले होते आणि पिवळ्याच्या डब्यात पांढरा रंग ओतून काडीनं ढवळत होते. कौसाबाई बाकावरून उठून शेजारी उभी होती. त्यांनी काडी वर करून तिला रंग दाखवला. तिनं नकारार्थी मान हलवली. त्यांनी अजून थोडा पांढरा घातला आणि पुन्हा दाखवला, आणि या वेळी तिनं होकार दिल्यावर वाकून टोपलीतलं पहिलं मोहफूल रंगवायला घेतलं.